"ताई, झोप लागत नाही" : बाल संरक्षणात काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न प्रशिक्षणाच्या सभागृहात कोणी विचारत नाही. जेवणाच्या सुट्टीत, हातात शेवभाजीची वाटी धरून विचारतात, नाहीतर कार्यक्रम संपल्यावर एसटी स्टँडपर्यंत सोबत चालताना. विचारणारे धुळे, नंदुरबार आणि जळगावचे : बाल संरक्षण कक्षातले, बालगृहातले, संस्थांमधले. मी आधी क्षेत्रीय कार्यकर्ती होते, मग समुपदेशक झाले, आता नव्या लोकांबरोबर बसते. कायद्याचा भाग कायद्याचा, बाकीचं माझं मत.

एवढा ताण नेमका कशाचा? मुलांच्या हकिकती ऐकून होतं का हे?

हकिकतींचा भार असतोच. पण माझ्यापाशी येणारे बरेचसे जण हकिकतीने मोडलेले नसतात, एकट्याने ठरवावं लागतं म्हणून मोडलेले असतात. पोर घरी ठेवायचं की सोबत आणायचं? काका खरं बोलतोय की शेजारीण? रात्रीचे नऊ, मोलगीच्या पुढचा एखादा पाडा, मोबाईलला रेंज नाही, जीपवाला हॉर्न वाजवतोय. आणि कायद्याने प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मूल बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत आदेश देणाऱ्या समितीपुढे, हजर करायचं आहे.

हिशेब साधा आहे. जळगाव जिल्ह्यात 15 तालुके, नंदुरबारमध्ये 6, धुळ्यात 4. जिल्हा बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्त्यांची पदं दोन, तीही सगळीकडे भरलेली असतात असं नाही. समितीने सामाजिक तपासणीचा आदेश दिला की अहवाल 15 दिवसांत हवा. बालसंगोपन या राज्याच्या मदत योजनेच्या गृहचौकश्या वेगळ्या, बालगृहाच्या भेटी वेगळ्या, पोर्टलवर माहिती भरणं वेगळं, आणि "आज तीनपर्यंत माहिती पाठवा" हा वरून येणारा मेसेज तर रोजचाच. अमेरिकेतल्या रॉबर्ट करासेक यांनी 1979 मध्ये एक साधी मांडणी केली : कामाचा रेटा मोठा आणि हातात अधिकार थोडा, अशा ठिकाणी माणूस सर्वात जास्त पिचतो. त्यांनी आपलं ऑफिस पाहिलेलं नव्हतं, पण वर्णन आपलंच आहे.

बर्नआउट, कंपॅशन फटीग, दुय्यम आघात... सगळं एकच ना?

नाही. बर्नआउट वेगळा, बाकीची दोन नावं साधारण एकाच गोष्टीची, आणि हा फरक कळला तर उपाय बदलतो. बर्नआउट हळूहळू साचतो, विहिरीत गाळ साचावा तसा. क्रिस्टिना मास्लाक यांनी 1981 मध्ये त्याच्या तीन खुणा सांगितल्या : मनाने पार रिकामं होणं, माणसांशी कोरडेपणाने वागणं, आणि आपल्या हातून काहीच होत नाही असं वाटणं. दुसरी खूण आपल्याकडे बोलण्यात लगेच कळते. मुलीचं नाव जातं आणि "ती शिरपूरची पोक्सो" एवढंच उरतं. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची नोंद कामातून उद्भवणारी स्थिती म्हणून केली. ती त्याला आजार म्हणत नाही. म्हणजे "तुमचीच तब्येत नाजूक" असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांगता येतं.

दुय्यम आघात एका दिवसात येऊ शकतो. एका मुलाने सांगितलेली एक गोष्ट, आणि मग भाकरी थापताना तेच चित्र डोळ्यांपुढे. चार्ल्स फिगली यांनी 1990च्या दशकात यालाच कंपॅशन फटीग म्हटलं. बर्नआउटला रजा आणि कामाची वाटणी लागते. दुय्यम आघातात नुसती रजा दिली तर माणूस घरी बसून तेच चित्र पाहत राहतो. त्याला ऐकणारा माणूस लागतो.

पण मला तर काहीच झालं नाही. मी फक्त ऐकलं आणि लिहून घेतलं.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये निदानाची नवी नियमावली काढली. तिच्यात आघाताच्या व्याख्येत, कामाचा भाग म्हणून अशा घटनांचे तपशील पुन्हा पुन्हा समोर येणं, हेही धरलं आहे. उदाहरण दिलंय ते बाल अत्याचाराचे तपशील वारंवार ऐकावे लागणाऱ्या पोलिसांचं. तुम्ही त्याच खोलीत, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर असता.

बालविवाह थांबवला. कायद्याने बरोबर, तरी मलाच अपराधी का वाटतं?

हा प्रश्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, हमखास येतो. आखाजीला आपल्याकडे लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. त्याच मुहूर्तावर लग्नंही उरकली जातात आणि आपले फोन खणखणायला लागतात.

माझा स्वतःचा एक दिवस सांगते. मुलगी सोळाची, नववी पास. आम्ही पोचलो तेव्हा हळद लागून गेली होती. मांडवात वरणबट्टीची तयारी, बट्ट्यांचा ढीग, घोटलेल्या वांग्याचा वास. ग्रामसेवक, पोलीस, मी. कोणी ओरडलं नाही, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. तिची मावशी एवढंच म्हणाली, "आता हे कोण खाईल ताई? तुम्हीच घेऊन जा." मुलीला म्हटलं अंगठा दे, तर म्हणाली, सही येते मला. सही करताना कागदावर तळव्याची हळद लागली. गाडीत तासाभरात ती एकच वाक्य बोलली : "माले घर जानं शे." ती फाईल पुढे चार-पाच वेळा उघडावी लागली आणि दरवेळी तो पिवळा डाग आधी दिसायचा.

अपराधी वाटतं, कारण तुम्ही खरोखरच त्या घराचा एक दिवस मोडलेला असतो. तो योग्य कारणासाठी मोडला हे डोक्याला पटतं, मावशीच्या वाक्याला पटत नाही. "असं वाटून घेऊ नका" म्हणणाऱ्या प्रशिक्षकांचा मला राग येतो. वाटू द्या. फक्त ते तिथेच सोडून येऊ नका. आठ-दहा दिवसांनी पोलिसांशिवाय, पांढऱ्या गाडीशिवाय परत जा. चहा दिला तर घ्या. दहावीचा अर्ज कुठे भरायचा ते सांगा. घर निकषात बसत असेल तर बालसंगोपनचे महिना 2,250 किंवा केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतलं 4,000 रुपयांचं प्रायोजकत्व, यांचे कागद सोबत न्या. मी त्या घरी तिसऱ्यांदा गेले तेव्हा मावशीने बसायला गोधडी टाकली. डाग फाईलवर आहेच, पण आता त्याच्यापुढे गोधडीही आठवते.

मुलगी म्हणते "कोणाला सांगू नका". सांगितलं तर तिचा विश्वास जातो, नाही सांगितलं तर कायदा.

पोक्सो कायद्याचं कलम 19 तुम्हाला पर्याय ठेवत नाही. माहिती मिळाली की पोलिसांना कळवायचं. न कळवल्याची शिक्षा कलम 21 मध्ये आहे, आणि चांगल्या हेतूने कळवल्यास संरक्षण कलम 19 मध्येच आहे. सतरा वर्षांची मुलगी स्वखुशीने गेली, आता गरोदर आहे, मुलगा एकोणीसचा आणि दोघंही ऊसतोडीला सोबत होती, तरी हेच लागू. सर्वात जास्त झोप याच केसेस उडवतात, कारण इथे खलनायक सापडत नाही.

मी एक करते. मुलीने तोंड उघडण्याआधीच सांगते : "तुझ्या सगळ्या गोष्टी माझ्यापाशी राहतील. पण तुला कोणी इजा केली असेल तर ते मला सांगावंच लागतं, आणि कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन." काही मुली मग गप्प होतात. त्या दिवशी गप्प होतात, इतकंच. नंतर दगा दिल्यासारखं वाटण्यापेक्षा ते परवडतं, तिलाही आणि मलाही.

माझा निर्णय चुकला तर?

चुकेल. कधी तरी नक्की चुकेल. मे 2023 च्या अखेरीस दानापूरहून पुण्याला जाणाऱ्या गाडीतून भुसावळ आणि मनमाड इथे मिळून 59 मुलांना उतरवलं गेलं. मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला, सोबतच्या पाच जणांना अटक झाली, मुलं काही दिवस बालगृहांत राहिली. ती मुलं शिकायला मदरशात चालली होती. पुढच्या वर्षी, गैरसमजातून गुन्हा नोंदला गेला असं सांगून प्रकरण बंद झालं. भुसावळ जंक्शनवर खरोखर पळवलेली, खरोखर कामाला नेली जाणारी मुलंही उतरतात. फलाटावर, दहा मिनिटांत, दोन्ही सारखीच दिसतात.

म्हणून दोन सवयी. पहिली : वहीत तीन रकाने पाडा. मी पाहिलं ते, मला सांगितलं गेलं ते, आणि मला वाटलं ते. "मूल घाबरलेलं होतं" हे तिसऱ्या रकान्यातलं आहे. "मूल शर्टाची कड चावत होतं, बाकावरून उठलं नाही" हे पहिल्यातलं. सहा महिन्यांनी कोणी जाब विचारला तर पहिला रकाना तुम्हाला वाचवतो, आणि रात्री तीन वाजता तुम्ही स्वतःलाच जाब विचारता तेव्हाही तोच. दुसरी : मूल हलवण्याआधी एका माणसाला फोन. सहकारी, समितीचा सदस्य, कोणीही. परवानगी मागायची नाही, मोठ्याने बोलून बघायचं. अंतिम आदेश समितीचा असतो, अध्यक्ष आणि चार सदस्यांचा. ती पाच डोकी कायद्याने याचसाठी ठेवली आहेत. सगळं आपल्या एकाच डोक्यावर घेऊन घरी जायची सक्ती नाही.

गावात धमकी आली. पुढारी फोन करतात. काय करू?

एकटं जाऊ नका. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी कायद्याने लोकसेवक मानले जातात, गावपातळीवर ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी. कंत्राटी कार्यकर्तीला ते कवच आपोआप मिळत नाही. म्हणून ग्रामसेवक पुढे, तुम्ही मागे. यात कमीपणा नाही. धमकीची नोंद त्याच दिवशी लेखी वरिष्ठांकडे, मेसेजवर का होईना, तारीख आणि वेळेसकट. आणि गावातलं एक घर आपलं असावं. आशाताई, अंगणवाडी सेविका, किंवा एखादे आप्पा, ज्यांच्या ओट्यावर बसलं की लोक जरा आवाज खाली घेतात. माझे एक असे आप्पा होते. कायदा त्यांना ठाऊक नव्हता. पण "पोरीले शिकू द्या रे" एवढं म्हणून ते बिडी पेटवायचे आणि अर्धी गर्दी पांगायची.

रात्री फोन बंद ठेवला तर चालतो का?

1996 मध्ये मुंबईत सुरू झालेली 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन पूर्वी संस्था चालवायच्या. 2023 पासून ती महिला व बाल विकास विभागाकडे आली आणि 112 या आपत्कालीन नंबरशी जोडली गेली. रात्रीचा फोन घ्यायला तिथे पाळीची व्यवस्था आहे. ती व्यवस्था म्हणजे तुमचा वैयक्तिक नंबर नाही. गावागावांत नंबर वाटून ठेवण्याची आपली सवय प्रेमाची आहे, पण मग अकरा वाजता "ताई, आधार कार्डचं काय झालं" हाही फोन येतो. पाळी लावा, ती कागदावर लावा, आणि ज्याची पाळी नाही त्याने फोन बंद ठेवला तर त्याला टोमणे मारू नका. टोमणे मारणारे आपणच असतो, हे कबूल करायला हवं.

मुलाची भाषा मला येत नाही. त्याचाही ताण येतो का?

फार येतो आणि यावर कोणी बोलत नाही. धडगावचं पावरी बोलणारं मूल मराठीत "हो" म्हणतं, कारण "हो" म्हटलं की मोठी माणसं प्रश्न थांबवतात. त्या "हो" वर तुम्ही अहवाल लिहिता आणि आतून माहीत असतं की काहीतरी निसटलंय. पोक्सो कायद्यात दुभाष्याची तरतूद आहे, ती मागून घ्या, लेखी मागा. साक्री-शिंदखेड्याकडे तर निम्मं काम अहिराणीनेच होतं. "तुनं नाव काय शे?" म्हटलं की पोर आधी हसतं, मग बोलतं. समाजकार्यात एमएसडब्ल्यू करून पुण्याहून आलेल्या एका मुलीने तीन महिन्यांत कामचलाऊ अहिराणी उचलली. तिची डोकेदुखी गोळ्यांपेक्षा त्याने जास्त कमी झाली, असं ती स्वतः सांगते.

घरी काय सांगू? नवरा म्हणतो, "तू कामावरून येतेस ती भांडायलाच."

मुलाची ओळख पटेल असं काहीही घरी सांगायचं नाही. पण तुमचा दिवस सांगायला बंदी नाही. "आज एक लहान मूल होतं, मला फार जड गेलं, अर्धा तास कोणी बोलू नका" एवढं वाक्य पुरतं. काहीच न सांगता भांडी आपटणं, हे घरच्यांना जास्त महागात पडतं.

मुलासमोर रडू आलं तर?

डोळे भरले तर भरू द्या. मुलाला तुम्हाला सावरावं लागेल इतकं रडू येणार असेल तर पाणी प्यायला बाहेर जा. बस्स.

आमच्यातले पुरुष कार्यकर्ते काहीच बोलत नाहीत.

बोलतात, पण टपरीवर आणि विनोदातून. एखादा सहकारी केसेसवर जरा जास्तच विनोद करायला लागला, किंवा संध्याकाळची "बैठक" आठवड्यातून एकदाची चारदा झाली, तर तेच त्याचं बोलणं समजा. त्याला समुपदेशनाला पाठवू नका, तो जाणार नाही. गृहभेटीला त्याच्याबरोबर मोटारसायकलवर मागे बसा. परतीच्या रस्त्यात, दोघांचीही तोंडं रस्त्याकडे असताना, माणसं जे बोलतात ते टेबलापलीकडून बोलत नाहीत.

केस बंद होते आणि पुढे काय झालं ते कधीच कळत नाही.

माझ्या मते आपल्याला सर्वात जास्त पोखरतं ते हेच. शेतकरी निदान पीक बघतो, मग ते बोंडअळीने जावो की चांगलं येवो. आपण पेरतो आणि बदलीच्या गावी जातो. वाईट झालेल्या केसेस परत येतात, फोनवर, बातमीत. चांगल्या झालेल्या परत येत नाहीत, कारण त्यांना आपली गरज उरलेली नसते. मग वाटायला लागतं की सगळंच वाईट होतं.

आम्ही महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दोन जुन्या फाईली काढतो. प्रत्येकी एक फोन : आशाताईला, शाळेला किंवा पालकाला. गोपनीयता सांभाळून, फक्त "बरं आहे ना?" कधी उत्तर येतं की मुलगी परत ऊसतोडीला गुजरातला गेली. कधी येतं की पोरगा आयटीआयला आहे, वेल्डर ट्रेड. खर्च दोन फोनचा. बालगृहातून घरी गेलेल्या मुलांचा पाठपुरावा तसाही आपल्या कामाचाच भाग आहे, फक्त तो आपण रकाना भरण्यासाठी करतो.

अकरा महिन्यांचा करार, रखडलेलं मानधन, प्रवासाची बिलं. यात कसलं मनोबल?

खरंच कसलं? पेट्रोल स्वतःच्या खिशातून टाकून धडगावचा घाट चढणाऱ्या माणसाला खंबीरपणावर व्याख्यान देऊ नये. मानधन वेळेवर होणं, बिलं निघणं, भेटीसाठी गाडी मिळणं, हे मानसिक आरोग्याचेच विषय आहेत आणि वार्षिक आराखड्यात ते त्याच नावाने लिहावेत, असा माझा आग्रह असतो. आतापर्यंत एकदाच लिहिला गेला. मंजूर झाला नाही.

योगा, ध्यान यांचा उपयोग होतो का?

ज्यांना आवडतं त्यांना होतो. मला तापीकाठी बसून शेंगा खाण्याचा होतो. पण 40 केसेस एका माणसाकडे ठेवून त्याला प्राणायाम शिकवणं म्हणजे गळक्या छपराखाली छत्री वाटणं.

आम्ही वरिष्ठ आहोत. आम्ही काय करावं?

आढावा आणि मार्गदर्शन या दोन बैठका वेगळ्या ठेवा. आढाव्यात आकडे विचारले जातात. तिथे कोणी "मला त्या घरात भीती वाटली" असं म्हणणार नाही. महिन्यातून दोनदा, तासभर, लॅपटॉप बंद, एक केस आणि एकच प्रश्न : "यात तुला काय जड जातंय?" नव्या माणसाला पहिल्या तीन महिन्यांत एकट्याने अत्याचाराची केस देऊ नका. आणि मोठी घटना घडली की दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना गोलात बसवून "मोकळे व्हा" म्हणू नका. अशा एकवेळच्या सक्तीच्या बैठकांचा उपयोग होत नाही, काहींना उलट त्रासच होतो, असं अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात दिसून आलंय. त्या दिवशी घरी लवकर सोडा, जेवले का विचारा, आणि आठवड्याने पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा विचारणं बहुतेक जण विसरतात.

मी स्वतः मदत कधी घ्यावी?

झोप, भूक, चिडचिड दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, तीच स्वप्नं पडत असतील, ठरावीक गाव किंवा ठरावीक खोली टाळावीशी वाटत असेल, दारू किंवा झोपेच्या गोळ्या वाढल्या असतील, तर वाट पाहू नका. जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, मोफत, रात्रीही, मराठीतून. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ओळखीचं कोणी भेटेल म्हणून जायला लाज वाटते, तेव्हा धुळ्याच्या माणसाने जळगावला जावं. हसण्यासारखं आहे, पण मी तेच केलं होतं.

सोडून द्यावं असं वाटतं. चूक आहे का?

नाही. माझ्यासोबत सुरू केलेल्या आठ जणांपैकी आज तिघी या कामात आहोत. बाकीचे शाळेत, बँकेत, एक जण केळीच्या बागेत. त्यांच्यापैकी कोणी पळपुटं नव्हतं.

फक्त जाताना एक करा. ज्या मुलांशी तुमचं नियमित बोलणं आहे त्यांना आधी सांगा, आणि नव्या माणसाला एकदा तरी सोबत नेऊन ओळख करून द्या. मुलांच्या आयुष्यातून मोठी माणसं न सांगता निघून गेलेली असतात, त्यात आपली भर नको. एका सहकारिणीने साक्री तालुक्यातल्या एका मुलीला असं सांगितलं. मुलगी बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. मग तिने एवढंच विचारलं : "नवी ताईले अहिरानी येस का?"